मुरूड परिसरातील पायवाटा : एक दिवसाच्या पदभ्रमणाचा अभ्यास

रायगड जिल्ह्यातील मुरूड हे सुमारे बारा हजार लोकवस्तीचे, तालुक्याचे ठिकाण असलेले किनाऱ्यावरचे गाव आहे. मुरूड नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. महर्षी कर्वे यांच्या बालपणाशी निगडित असलेले मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे, तर लातूर जिल्ह्यातील मुरूडचा समुद्राशी काहीही संबंध नाही. येथे अभिप्रेत असलेले मुरूड म्हणजे १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेल्या जंजिरा संस्थानची राजधानी होय. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस राजपुरीची खाडी आणि पाठीशी घनदाट जंगलाचे डोंगर अशा चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरे दाटीने वसली आहेत.

मुरूडला दरवर्षी येणाऱ्या पर्यटकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ला पाहावयाचा, दुपारी भोजन, सायंकाळी पुळणीवर फेरफटका आणि परत. शालेय सहलीही याच चाकोरीतून जातात. पाठीमागच्या डोंगरांकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक या गावाच्या पाऊण तासाच्या अंतरात, एका दिवसात पायी फिरून परतता येईल अशा किमान पाच वाटा आहेत. त्यांतील प्रत्येक वाट इतिहास, भूगोल अथवा वनस्पतिशास्त्राचा एखादा धडा प्रत्यक्ष शिकविते.

या विषयास आणखी एक बाजू आहे आणि ती दृष्टिआड करता येणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. समुद्र पाहून मुलांना मोह होणे स्वाभाविक आहे. दिवसाचा कार्यक्रम रिकामा ठेवून त्यांना किनाऱ्यावर मोकळे सोडणे हे मात्र स्वाभाविक मानता येत नाही. सकाळचे चार-पाच तास डोंगरवाटेवर गेले, की सायंकाळचा किनारा हा पाहण्याचा भाग उरतो, पोहण्याचा राहत नाही. सहलीची आखणी करणाऱ्या शिक्षकांनी पदभ्रमणाचा विचार या दृष्टीनेही करावयास हवा.

लहान मुलांसाठी गावालगतच्या टेकडीवरील दत्तमंदिराची वाट पुरेशी आहे. पायऱ्या चढून वर गेल्यावर मुरूडची अर्धवर्तुळाकार पुळण, वाड्यांची हिरवी पट्टी आणि समुद्रात थोड्या अंतरावर उभा असलेला पद्मदुर्ग ऊर्फ कासा किल्ला एका नजरेत येतो. गाव या विशिष्ट जागी का वसले, याचे उत्तर येथे पुस्तकाविना देता येते. पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी सिद्दीस शह देण्यासाठी बांधविला. त्याच्या तटातील दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधील चुना मात्र मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे तसाच उभा आहे. हे टेकडीवरून दिसत नाही, तथापि मुलांना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

मोठ्या मुलांसाठी दक्षिणेची वाट अधिक उद्बोधक आहे. मुरूडच्या खाडीपलीकडे एकदरा हे कोळ्यांचे गाव असून त्याच्या वरच्या अंगास सामराजगडाचे अवशेष आहेत. गड म्हणून पाहण्यास तेथे फारसे काही उरलेले नाही. काही तटबंदी, काही चौथरे आणि बरीचशी झुडपे एवढेच दिसते. परंतु जागेची निवड पाहिली म्हणजे बांधणाऱ्याचा हेतू ध्यानी येतो. एका बाजूस पद्मदुर्ग, दुसऱ्या बाजूस जंजिरा आणि खाली दंडाराजपुरीचा मुलूख, असा सारा देखावा येथून दिसतो. १६७१ सालच्या शिमग्यात, मराठ्यांचे लोक होळीच्या आनंदात असता, सिद्दीने जमिनीवरून आणि समुद्रातून एकाच वेळी दंडाराजपुरीवर हल्ला केला. दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन ते ठाणे मराठ्यांच्या हातून गेले. इतिहासाच्या पुस्तकातील ही दोन वाक्ये या टेकडीवर उभे राहून वाचली, तर विद्यार्थी ती सहसा विसरत नाहीत. तेथून उतरून राजपुरीमार्गे खोकरी येथील सिद्दी राज्यकर्त्यांच्या भव्य कबरी पाहून परतावे. घुमट, कमानी आणि दगडातील नक्षी यांमुळे ही वास्तू अवश्य पाहण्यासारखी आहे. जंजिऱ्याच्या मानाने तेथे येणाऱ्यांची संख्या अगदीच अल्प असते.

मुरूडच्या पूर्वेस शिघ्रे गावावरून गारंबीकडे जाणारी वाट ही या परिसरातील सर्वांत सुखद वाट म्हणावी लागेल. (श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीमुळे परिचित झालेली गारंबी ती ही नव्हे. तिचा परिसर हर्णै-दापोलीकडचा.) रस्ता हळूहळू दाट झाडीत शिरतो, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावरही पायाखालची माती ओलसर लागते. दरीत संस्थानी काळातील दगडी बंधारा आहे. जंगलातील झऱ्यांचे पाणी तेथे अडवून नळाने खाली मुरूडकडे नेण्यात आले. गाव सखल आणि बंधारा उंचावर असल्याने पाणी आपल्या भारानेच वाहते, त्यास पंप लागत नाही. पाणीपुरवठा योजनेचा इतका सोपा आणि बोलका नमुना विद्यार्थ्यांना दाखविण्यास क्वचितच मिळतो.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने गारंबीचे महत्त्व याहून अधिक आहे. या तालुक्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखात अनेक वाड्यांवर पाण्याची ओढ असते. कारण उघड आहे. काळ्या कातळाच्या तीव्र उतारावरून पाणी काही तासांत समुद्रास मिळते. ते थोपवून धरण्याचे काम बंधारा करतो त्याहून अधिक बंधाऱ्यावरचे जंगल करते. पालापाचोळ्याचा थर, मुळांनी धरलेली माती आणि सावली या तिहींमुळे पावसाळा संपल्यानंतरही झरे वाहते राहतात. वरचे जंगल तुटले, तर खालचा बंधारा प्रथम गाळाने भरेल आणि नंतर कोरडा पडेल. गारंबीची वाट चालताना उघडे डोंगर आणि झाकलेले डोंगर यांतील ओलाव्याचा फरक हाताने माती उचलून पाहता येतो. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा. पावसाळ्यात मात्र बंधारा व ओढ्यांच्या पात्रात उतरू नये. डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही अकस्मात येतो. सवतकडा आणि तालुक्यातील इतर धबधब्यांनाही हेच लागू आहे.

फणसाड वन्यजीव अभयारण्य हा या अभ्यासाचा गाभा होय. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले, सुमारे ७० चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. राज्य शासनाने १९८६ साली त्यास अभयारण्याचा दर्जा दिला. शिकारीच्या हौसेपायी राखलेले वन पुढे प्राण्यांचे आश्रयस्थान ठरावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे. समुद्रापासून इतक्या जवळ, एवढे सलग राहिलेले जंगल कोकणच्या उत्तर भागात अन्यत्र फारसे आढळत नाही.

प्रवेशद्वार सुपेगावाजवळ असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आत जाण्यास परवानगी घ्यावी लागते. शाळेच्या गटासाठी वनाधिकाऱ्यांस आधी पत्र पाठवून वाटाड्याची व्यवस्था करून घेणे श्रेयस्कर. वाटाडे बहुधा आसपासच्या वाड्यांतील असतात. झाडाच्या सालीवरून, विष्ठेवरून आणि खुरांच्या ठशांवरून ते जे वाचून दाखवितात, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ऐन, किंजळ, हेद, कुंभा, जांभूळ, अंजनी, सावर अशा वृक्षांची येथे रेलचेल आहे. ‘गारंबी’ नावाची महावेल विशेष लक्ष वेधून घेते. तिचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड होते आणि शेंग हातभर किंवा त्याहूनही लांब असते. शेकरू हा राज्यप्राणी येथे उंच झाडांच्या शेंड्यांवर काटक्यांची घरटी बांधून राहतो. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी यांचेही वास्तव्य आहे. मात्र दिवसा, पन्नास मुलांच्या गलक्यात त्यांपैकी काही दिसेल अशी आशा बाळगू नये आणि मुलांनाही तसे आश्वासन देऊ नये. वन्य प्राणी न दिसणे म्हणजे सहल फुकट गेली, असा समज करून देणाऱ्या शिक्षकाने पुढच्या खेपेस जंगलाऐवजी प्राणिसंग्रहालयात जावे हे उत्तम.

अभयारण्यातील नैसर्गिक पाणवठ्यांना स्थानिक बोलीत ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण, धरणाची गाण अशी त्यांची नावे असून फणसाडच्या गाणीवरूनच अभयारण्यास नाव मिळाले. हिवाळा सरत आला, ओढे आटले, की या दरीतील सारे जीवन गाणींभोवती एकवटते. म्हणूनच वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत महाराष्ट्राच्या वनांत रूढ झाली. म्हणूनच उन्हाळ्यात गाणीजवळ बसून डबे खाणे, आरडाओरड करणे हा अपराध समजावा. गट तेथे तासभर रेंगाळला, तर तेवढा वेळ तहानलेला प्राणी झुडपाआड थांबून राहतो. गाणीपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस बसून दुर्बिणीतून पाहावे आणि दहा मिनिटांत पुढे निघावे.

फणसाडच्या आकाशात पांढऱ्या पाठीचे गिधाड दिसले, तर ते पाहण्यासाठी अवश्य थांबावे. १९९० नंतरच्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या अत्यंत वेगाने घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसात राहतो आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे पुढे निष्पन्न झाले. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालण्यात आली. शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे ग्रामस्थांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली, हे उदाहरण पंचायतींनी लक्षात घ्यावे. गावातील मृत जनावर कोठे टाकले जाते आणि त्यास शेवटच्या दिवसांत कोणते औषध टोचले होते, हे दोन प्रश्न पशुधन अधिकाऱ्याने आणि सरपंचाने एकत्र बसून सोडवावयाचे आहेत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यास तडाखा दिला. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड-श्रीवर्धन भागातील पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर बागायतदाराच्या हाती उत्पन्न नसते. अशा काळात घरगुती खानावळ, वाटाड्याचे काम, मुक्कामाची खोली यांतून येणारा पैसा कुटुंबास आधार देतो. पायी फिरणारा पर्यटक गावात थांबतो, जेवतो, चौकशी करतो. मोटारीतून किल्ला पाहून परतणारा बहुधा यांपैकी काहीच करीत नाही.

उत्तरेस नांदगाव, काशीद ओलांडून गेल्यावर कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला आहे. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर तो बांधलेला असून एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस रेवदंड्याची खाडी आहे. निजामशाहीने १५९४ साली येथे बांधकाम आरंभिले. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ही जागा जिंकून घेतली आणि १७४० साली ती मराठ्यांकडे आली. दीपगृहाच्या बाजूने चढण अर्ध्या तासाची आहे. वर एकामागून एक दरवाजे, पाण्याचे टाके, पडक्या चर्चच्या भिंती आणि तोफा दिसतात. परंतु कोर्लईचे खरे वैशिष्ट्य किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली आजही बोलली जाते. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर असेल. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी घराघरांतून ती टिकून राहिली. भाषेचा विषय शिकविणाऱ्यांनी किल्ल्यावर एक तास कमी काढून गावात एक तास अधिक घालवावा. अर्थात तेथील लोक हे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत, याचे भान ठेवूनच.

राजपुरी खाडीच्या वरच्या टोकाशी, मांदाडजवळ, कुडे येथे २६ बौद्ध लेण्यांचा समूह आहे. तेथवर वाहनाने जाऊन मग पायी चढावे लागते. लेण्यांतील शिलालेखांत मांदव येथील महाभोज घराण्याबरोबरच फुलारी, वैद्य, लोखंडाचे व्यापारी अशा सामान्य दात्यांची नोंद आहे. खाडीतून येणारा माल आणि घाटावर जाणारी वाट यांच्या सांध्यावर ही लेणी असल्याने असे दाते येथे का आले, हे नकाशा हाती घेतल्यास सहज उमगते. रोहा-मुरूड मार्गानजीकचा बिरवाडीचा किल्ला आणि पायथ्याचे देवीचे मंदिर हीदेखील अर्ध्या दिवसाची चांगली वाट आहे.

पदभ्रमणाचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. फाल्गुनानंतर सकाळी अकराच्या पुढे डोंगरावर राहू नये. मुलांच्या गटाचा वेग सपाटीवर ताशी तीन किलोमीटरांहून अधिक धरू नये आणि चढणीवर तो निम्माच समजावा. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवे. रायगड जिल्ह्यात फुरसे, घोणस, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आढळतात. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा कापणे, चोखणे अथवा घट्ट आवळून बांधणे सर्वथा टाळावे. अवयव न हलविता रुग्णास झोळीतून वाहनापर्यंत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. कडेकपारी व लेण्यांत आग्या मोहोळ असल्यास धूर, अत्तर आणि गोंगाट वर्ज्य समजावा.

किनाऱ्याच्या वाटेसाठी भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असणे आवश्यक आहे. कोकणातील जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. चालू तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पंचमीस भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाच्या पुढे-मागे. हा हिशेब स्थूल आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून एकदरा अथवा राजपुरीच्या कोळ्यांस विचारून खात्री करून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग यांतील पाण्याच्या चढ-उताराचा फरक मुलांना दोन सहलींत दाखविता आला तर उत्तमच. पाण्यात उतरू न देण्याचा नियम मात्र भांगातही तोच ठेवावा.

राहिला प्रश्न या वाटा टिकविण्याचा. किनाऱ्यावरील जमिनीस भाव आल्यापासून जुन्या वाड्या विकल्या जात आहेत आणि नव्या मालकांची कुंपणे उभी राहत आहेत. देवळाकडे, विहिरीकडे, डोंगराकडे पिढ्यान्‌पिढ्या जाणारी पायवाट कुंपणात गेली, की ग्रामस्थ काही दिवस वळसा घालून जातात आणि पुढे ती वाट विसरली जाते. यावर उपाय कायद्यात उपलब्ध आहे, पण त्याचा वापर फारसा होत नाही. गावनकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट मानली जाते. ग्रामपंचायतीने भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत घेऊन, जाणत्या माणसांसह प्रत्येक वाट प्रत्यक्ष चालून पाहावी आणि ती नकाशाशी ताडून घ्यावी. जी वाट नकाशावर नाही परंतु वहिवाटीत आहे, तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६५ चा आधार आहे. शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनींतील वहिवाटीच्या वाटा, पाण्याचे हक्क आणि मासेमारीचे हक्क यांची गावनिहाय नोंद करण्याची तरतूद त्यात असून या नोंदवहीस ‘वाजिब-उल-अर्ज’ असे नाव आहे. ग्रामसभेचा ठराव, वाटेचे वर्णन, ती कोणत्या गट क्रमांकांतून जाते याचा तपशील आणि वृद्ध ग्रामस्थांचे जबाब जोडून अर्ज सादर करावा. शेताकडे जाण्याच्या वाटेस अडथळा केला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा दाखल करावा लागतो.